मेजरांच्या पाईपचं पंक्चर

माझ्या दुकानात आजवर सायकलीपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळ्यांची पंक्चरं आली, पण स्वतःच्या वाद्याचं पंक्चर काढायला आलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो कोरेगावजवळ राहतो. सगळे त्यांना मेजर म्हणतात. खरं तर ते पलटणीच्या बँडात हवालदार होते. पण या मुलखात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच, हे मला इथं आल्यावर कळलं. मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली आणि काम शोधत शोधत फार लांब येऊन पडलो. दुकान मांडलं ते मेजरांच्या बांधाला लागून, कुणाला न विचारता. त्यामुळं कोणीतरी येईल आणि उठवील, ही धास्ती रोजची. एका सकाळी मेजर आले तेव्हा मी पाने-पक्कड आवरायलाच लागलो होतो. त्यांच्या काखेत एक काळी पिशवी होती आणि तिच्यातून फांद्यांसारख्या लाकडी नळ्या बाहेर आल्या होत्या.

"हवा जातीया," ते म्हणाले. "कुठनं ते बघ."

"हे काय आहे मेजर?"

"बॅगपाईप. इंग्रज गेलं, ह्यो ऱ्हायला. आता आमी फुंकतोय."

पिशवी टबात बुडवायला माझा हात धजेना. "भिजते ना हे," मी म्हणालो. "आरं, मी पावसात परेड केलीया ह्याच्यासंगं, बुडव." ते नळीतून फुंकत राहिले, मी पाण्यात बुडबुडे शोधत राहिलो. शिवणीजवळ सापडले. पिशवीला आतून रबर होतं, ठिगळ बसलं. मेजरांनी तिथंच उभं राहून अशी काही धून वाजवली की समोरच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न द्यायचं विसरला. मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?" जागेचा विषय त्यांनी आजतागायत काढलेला नाही.

मेजरांना जगातली प्रत्येक वस्तू सुरात किंवा बेसूर दिसते. शेजारणीचा मिक्सर त्यांना चढा वाटतो. त्यांची म्हैस आटली, तरी त्यांनी ती विकली नाही, कारण तिचं हंबरणं पाईपच्या सुराला लागतं. माणसंही ते अशीच गोळा करतात. आटपाडीकडचे एक धनगर तात्या दरवर्षी मेंढरं घेऊन येतात आणि खताला म्हणून मेजरांच्या रानात बसवतात. तात्यांचा ढोल ऐकला आणि मेजरांनी त्यांना रानातून थेट गोठ्यात आणलं, पाईपबरोबर वाजवायच्या तालमीला. दुसरी भेट त्याहून नवलाची. छाती दुखते म्हणून मेजर कराडच्या दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टरकी शिकायला आलेली, मलकापुरात खोली घेऊन राहणारी झिम्बाब्वेची एक मुलगी त्यांच्या छातीला नळी लावून चक्क मराठीत म्हणाली, "काका, आत शिट्टी वाजते."

"कुठल्या पट्टीत?" मेजरांनी विचारलं.

ती हसली, आणि तिच्या गावचं वाद्य घेऊन पुढच्या रविवारी गोठ्यात हजर झाली. लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या, त्या अंगठ्यांनी दाबायच्या, आणि फळी बसवलेली अर्ध्या भोपळ्यात. भोपळ्याच्या काठाला बाटल्यांची बुचं खुळखुळत होती. तात्यांनी भोपळा फिरवून फिरवून पाहिला. "आमच्यात ह्यात पानी न्हेत्यात," ते म्हणाले. "ह्या पोरीनं सोडावाटर न्हेलेलं दिसतंय."

पाईपचा सूर बदलत नाही. म्हणून मेजरांचा नियम एकच, बाकीच्यांनी पाईपकडं यायचं. मुलीनं माझ्याकडून पक्कड मागून घेतली आणि पट्ट्या मागंपुढं सरकवून सूर जुळवला, पण पाईप सुरू झाला की तिचं काहीच ऐकू येईना.

"जोरात वाजव की गं," मेजर म्हणाले.

"हे जोरात वाजत नाही काका. जवळ यायला लागतं."

मेजरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या आधी वाजवायचं ठरलं होतं आणि त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एका तालमीत ते मधेच थांबले, ओठ निळे पडले, आणि ते गव्हाणीवर बसले. मुलीनं छाती तपासली. "आता फुंकायचं नाही. कधीच नाही." तिसऱ्या दिवशी मेजर दुकानात येऊन माझ्या कामाकडं बघत बसले.

"ट्यूबमदली हवा कोन फुंकतंय रं?"

"पंप, मेजर."

"मग?"

रविवारच्या तालमीला आधी कॉम्प्रेसर गोठ्यात नेऊन लावला. पाईप असा किंचाळला की म्हैस दावं तोडून पळाली. मग पायानं दाबायचा पंप जोडला. त्याची हवा पुरेना, कारण पाईपच्या, खांद्यावर टेकवायच्या तीन नळ्या एकच सूर धरून घुमत असतात आणि सगळी हवा पितात. मग मेजरांनी माझ्याकडची रबरी बुचं घेतली आणि तीनातल्या दोन नळ्या स्वतःच्या हातानं बंद केल्या. पाईप हळू झाला. आणि त्याच्याखालून, इतके दिवस तिथंच असल्यासारखा, तो भोपळा ऐकू आला.

"आयला," तात्या म्हणाले, "ही पोरगी रोज वाजवतच हुती व्हय."

यात्रेत आखाड्याच्या लाल मातीवर मेजर खुर्चीत, शेजारी मी पंपावर पाय ठेवून. "मेजर, बँडला हवा भरताय का ट्रॅक्टरला?" एक पैलवान ओरडला. हवा तुटली तर मेजरांचं यात्रेतलं वाजवणं माझ्या पायी जाणार होतं. मेजर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "परेडचा पाय ठेव. डावा, डावा." तात्यांनी ढोल हलका धरला. हवा तुटली नाही. अर्ध्या वाजवण्यात मागची माणसं पुढं सरकून मातीत येऊन बसली, भोपळा ऐकायला. चिडवणारा पैलवान सगळ्यात पुढं होता.

आता तात्या मेंढरं घेऊन पुढं गेले. मुलगी डॉक्टर होऊन तिच्या देशी परतली. मेजर दुपारी रस्ता ओस पडला की पाईप घेऊन येतात, मी पंप जोडतो. दोन बुचं अजून तशीच आहेत. वाजवताना एका जागी त्यांची बोटं थांबतात आणि नुसता आधाराचा सूर घुमत राहतो. पहिल्यांदा मला वाटलं, संपलं. मी पाय उचलला.

"हवा तोडू नको," ते म्हणाले. "ही तिची जागा हाय."

मी पंप मारत राहतो. मेजर डोळे मिटतात, आणि आम्ही दोघंही थोडे पुढं वाकून बसतो.