याडीला ऐकू यावं म्हणून

आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. माझ्या याडीनं दरसाल ऊसतोडीला जाऊन, डोक्यावर मोळ्या वाहून मला शिकवलं. मी हिंगोलीत नोकरीला लागलो, नवी मोटरसायकल घेतली. तिचा आवाज इतका कमी, की कानानं अधू असलेल्या याडीला मी आल्याचं कळायचं नाही, म्हणून दर शनिवारी ती उन्हात फाट्यावरच येऊन माझी वाट बघत बसायची.

म्हणून सेनगावच्या एका मेकॅनिकला सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी काढायला सांगितलं. कुठलीही गाडी आली की तो आधी डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा.

"तुमी बी का, सर? पोरं गावाला तकलीफ द्यायला काढतात. धूर वाढंल, पोलीस धरंल. काहून काढून राहिले?"

"आईला ऐकू यावं म्हणून."

त्याचा हात थांबला. "माही माय आवाजावरून माही गाडी बराबर वळखायची. ती गेली अन् म्या माह्या गाडीत जाळी परत बसवली. आता कोणाला ऐकवू?"

मग त्यानं सायलेन्सर कापला, जाळी उपसली, वेल्डिंग केलं. गाडी चालू करून बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि नियम मोडला तोही मीच. त्या शनिवारी याडीनं मला वळणावरच ओळखलं, घरात बसल्या बसल्या.