पेलाग्योने गावाला खोटं बोलायला शिकवलं

मिंदानाओ बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तागबालिली म्हणून वीस-पंचवीस घरांचं गाव. तिथला पेलाग्यो माडी काढायचा. दिवसातून दोनदा माडावर चढायचं, पोय छाटायची, बांबूच्या नळीत साठलेली माडी उतरवायची, तिच्यात सालीची लाल पूड कालवायची, एवढं काम तो मन लावून करायचा. उरलेल्या वेळात थापा मारायचा, त्याही मन लावून. एकदा म्हणे एक मुशी, चांगली थोरली शार्क, त्याच्या होडीमागून पोहत पोहत थेट चर्चच्या पायरीपर्यंत आली आणि पाद्रीबाबांचं प्रवचन सुरू झाल्यावर कंटाळून परत गेली. गावात म्हणच पडली होती की पेलाग्यो सांगेल त्यातलं अर्धं सोडून द्यावं आणि उरलेलं विसरून जावं.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात एका दुपारी तो माडाच्या शेंड्यावर असताना गावाशेजारच्या टेकाडापलीकडे ढग गडगडल्यासारखा आवाज झाला. त्याने मान वळवली. एक काळं मालवाहू जहाज मधोमध मोडलं होतं. पाण्यात माणसांची डोकी दिसत होती, शेकड्यांनी. आणि छोट्या होड्यांतून जपानी शिपाई त्या डोक्यांवर गोळ्या झाडत होते.

पेलाग्यो सरसर खाली उतरला आणि ओरडतच गावात शिरला. "जहाज फुटलं! माणसं बुडतायत! चला लवकर!"

"परवा मुशी, आज जहाज," जाळं विणणारा एकजण मान वर न करता म्हणाला. "उद्या काय, पोपसाहेब?"

"आईशप्पथ खरं सांगतोय!"

त्याची आई, म्हातारी ब्रुना, तिथेच वाळवणाचे मासे चिरत बसली होती. "माझी शपथ घेऊ नकोस मेल्या. तुझ्या शपथांनी मी आजवर चाळीस वेळा मेले असते."

त्याच्या बायकोने, सिंप्लिसियाने, मात्र त्याच्याकडे नीट पाहिलं. कमरेला कोयता नव्हता, पाठीला नळी नव्हती. माडी वरच टाकून हा माणूस खाली आलाय, म्हणजे काहीतरी घडलंय खरं. तिने कोपऱ्यातलं वल्हं उचललं. "चल," ती म्हणाली.

खडकांच्या आडोशाने टेकाडाला वळसा घालून दोघं गेले आणि सूर्य बुडता बुडता होडीत तिघांना घालून परत आले.

तिघे अमेरिकन युद्धकैदी होते. हाडांचे सापळे. अंगावर जहाजाच्या तेलाचा काळा थर होता, त्याखेरीज काहीही नव्हतं. बायकांनी पटकन तोंडं फिरवली. मग माणसं जिवंत आहेत की नाही हे बघायला ती पुन्हा फिरवावी लागली. लढाईपायी कापडाचा दुष्काळ होता. गावातल्या पुरुषांकडे एकेकच विजार, ती द्यायची तर स्वतः काय नेसायचं? शेवटी सिंप्लिसियाने पेटीतून आपले घागरे काढले. लाल केसांचा हार्लन सर्वांत उंच, त्याच्या वाट्याला तिचा लग्नातला घागरा आला. तो गुडघ्यांच्याही वर राहिला.

"मला घोट्यापर्यंत यायचा," सिंप्लिसिया म्हणाली. "पण कंबर तुलाच सैल होतेय रे बाबा."

तिने केळी उकडून दिली आणि तिसऱ्या केळ्यानंतर ताट ओढून घेतलं. "उपाशी पोट फुटेल. उरलेलं उद्या." हार्लन केळ्यांकडे बघून रडायला लागला, तेव्हा ब्रुनाने सुनेची नजर चुकवून त्याच्या हातात अर्धं केळं सरकवलं.

सिंप्लिसिया शाळेत इंग्रजी शिकलेली होती. हार्लन सांगत गेला तसं ती गावाला सांगत गेली. अडीच वर्षांची कैद. जहाजाच्या पोटात शेकडो माणसं कोंबलेली, झोपायलाही जागा नाही. आणि ज्या पाणबुडीने जहाज फोडलं ती अमेरिकन होती. आत आपलीच माणसं आहेत हे तिला कुठून ठाऊक असणार?

मग पेलाग्यो हळूच म्हणाला, "हे मलासुद्धा सुचलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की जपानी तुकडी गावोगाव झडती घेत येतेय, दुपारपर्यंत पोचेल. तिघांना डोंगरातल्या वाखासाठी लावलेल्या केळींच्या मळ्यात नेऊन लपवलं. पण तुकडी विचारणार गावच्या मुखियाला, एलेउतेरियोला, आणि गाडं तिथंच अडलं होतं. एलेउतेरियो सज्जन माणूस. खोटं बोलायला गेला की त्याला उचकी लागायची.

सगळं गाव पेलाग्योच्या दारात जमलं. एलेउतेरियोने टोपी काढली. "नोंग पेलाग्यो, आम्हाला खोटं बोलायला शिकव."

पेलाग्योला भरून आलं. उभ्या जन्मात त्याला 'नोंग', म्हणजे दादा, म्हणून असा मान कोणी दिला नव्हता. त्याने नारळाची करवंटी डोक्यावर ठेवली, हातात पळी घेतली आणि तो जपानी अधिकारी झाला. "बोल! गावात अमेरिकन आलेत?"

"नाही," एलेउतेरियो म्हणाला. "तिघेही नाही आले."

पेलाग्योने कपाळावर पळी मारून घेतली. "अरे, तिघे कुठून काढलेस? त्याने आकडा विचारला का? पुन्हा. अमेरिकन आलेत?"

"कोणीसुद्धा... हिक्... नाही."

चार वेळा घोकून घेतलं, चारही वेळा उचकी. पेलाग्योने करवंटी खाली ठेवली. "हे बघ, थापेला हात लागतो, तो तुझ्याकडे नाही. तू आपलं खरंच बोल. फक्त भलत्याच गोष्टीबद्दल बोल. तुझी डुकरीण कोणी नेली?"

एलेउतेरियोचा चेहरा बदलला. पोरीच्या लग्नासाठी पोसलेली डुकरीण मागच्या खेपेला अशाच एका तुकडीने उचलून नेली होती.

"बास," पेलाग्यो म्हणाला. "तेवढंच बोल."

दुपारी तुकडी आली. अधिकाऱ्याबरोबर जवळच्या शहरातला एक दुभाष्या होता. "समुद्रातून कोणी वर आलं?" त्याने दरडावलं.

"साहेब, माझी डुकरीण," एलेउतेरियोने सुरुवात केली. तिला लहानपणी मुलांच्या आधी कशी भरवली, ती हाक मारली की कशी धावत यायची, पोरीच्या लग्नात वऱ्हाडाला नुसती मक्याची कांजी वाढताना जावयाचं तोंड कसं झालं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, तर पुन्हा डुकरीण. सांगता सांगता एलेउतेरियो हमसून रडायला लागला. दुभाष्या शब्द न् शब्द उलगडून सांगत होता आणि अधिकाऱ्याचे कान लाल होत होते.

तेवढ्यात दुभाष्या पेलाग्योकडे वळला. "तू माडावर चढतोस ना? काल वरून काय दिसलं?"

पेलाग्योने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. सबंध आयुष्यात पहिल्यांदाच त्याला थाप सुचेना.

"त्याला कशाला विचारता?" ब्रुना कडाडली. "नऊ महिने पोटात होता तेवढेच महिने काय तो खोटं बोलला नाही! चर्चला आलेली मुशी दाखवेल तुम्हाला, बघायचीय?"

दुभाष्याला हसू फुटलं. मुशीची गोष्ट शहरापर्यंत पोचली होती. त्याने अधिकाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, अधिकाऱ्याने हात झटकला, शिपायांनी पाच कोंबड्या धरल्या आणि तुकडी निघून गेली. ती वळणाआड गेली तेव्हा एलेउतेरियोला उचकी लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

आठवड्याने जपान्यांशी लढणाऱ्या डोंगरातल्या गनिमी टोळीचे लोक तिघांना न्यायला आले. अमेरिकनांना न्यायला समुद्रातून पाणबुडी येणार, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून हार्लनने माडाला मिठी मारली. "पाणबुडी नको! मी इथेच राहतो, माडी काढतो!" पेलाग्योने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "अरे, या खेपेला तू तिच्या आत असशील," तो म्हणाला आणि सिंप्लिसियाने ते इंग्रजीत सांगितलं. घागरा नेसलेला तो उंच माणूस वळून वळून हात हलवत गेला.

लढाई संपल्यावर दोन वर्षांनी एक अमेरिकन अधिकारी हाडं उकरून न्यायला आला. जहाज फुटलं त्या आठवड्यात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली प्रेतं गावाने माडांखाली पुरली होती. "किती होती?" त्याने विचारलं.

"तीस तरी असतील," कोणीतरी म्हणालं.

"सतरा," पेलाग्यो म्हणाला. तो पुढे झाला आणि एकेक जागा दाखवू लागला. याच्या दंडावर जहाज गोंदलेलं होतं. याचा पुढचा दात सोन्याचा. याच्या बोटाला अंगठीचा वळ होता, अंगठी नव्हती. सिंप्लिसिया इंग्रजीत सांगत होती, अधिकारी लिहून घेत होता. लोक एकमेकांकडे बघत होते. पेलाग्यो बोलतोय आणि त्यात एक शब्द वाढवत नाहीये, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"आणि जिवंत किती वाचवलेत?"

"तिघे." पेलाग्योने आपला पंजा पुढे धरला. "चौथ्याचा हात माझ्या हातात आला होता. तेल होतं. निसटला."

हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. सिंप्लिसिया होडीत होती, पण तीही कधी बोलली नव्हती. आताही ते शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगायला तिला वेळ लागला. मग तिने पेलाग्योच्या हातात नळी दिली. "जा, साहेबांसाठी ताजी उतरवून आण," ती म्हणाली. तो कोयता कमरेला खोचून माडाकडे गेला आणि चढायला लागला.