मोलारबाईंचा बोळ

आमच्या लियों शहरात टेकडीच्या उतारावर घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत. वरच्या रस्त्यावरचं दार ढकलायचं, दोन अंगणं आणि तीन जिने ओलांडायचे की माणूस खालच्या रस्त्याला निघतो. माझं केस कापायचं दुकान अशाच एका बोळाच्या तोंडाशी आहे. बोळावर राज्य मात्र उगेत मोलारबाईंचं.

बाई पहिल्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांना जेवण वाढलं. दोनशे पोरांना एका हाकेत गप्प बसवणारा तो आवाज. नोकरी संपल्यावर तो ठेवायचा कुठे? मग तो शहर बघायला येणाऱ्यांच्या वाट्याला आला. अंगणात कुणी मोठ्यानं बोललं की खिडकी धाडकन उघडायची.

"ए लाल टोपी! लोकांच्या घरात शिरलायस, बोंझूर म्हणायची रीत आहे की नाही? का आई शिकवायला विसरली?"

लाल टोपी धूम ठोकायची.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकानं मला फोन दाखवला. कुणा बेल्जियन माणसानं आमच्याकडे येणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या होत्या. उतारावर चांगले बूट घाला. दीडनंतर जेवायला गेलात तर उपाशी राहाल. दुकानात शिरल्यावर आधी बोंझूर म्हणा, मग काय हवं ते मागा. आणि शेवटी, आमच्या घराचा नंबर देऊन: 'या बोळात मोठ्यानं बोला. पहिल्या मजल्यावरच्या बाई तुम्हाला झापतील. अस्सल अनुभव, तोही फुकट. पाच तारे.'

मला अक्कल कमी. मी ते बाईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे मी काय अस्वल आहे का, फिर्मां? दरवेशाचं?"

"नाही हो बाई, त्यानं कौतुकच केलंय."

"तू कात्री चालव, तोंड नको."

पुढच्या आठवड्यापासून रीघ लागली. लोक अंगणात मधोमध उभे राहून बोंबलायचे आणि आशेनं वर बघायचे. बाई कडाडल्या की टाळ्या. त्या आणखी भडकल्या की आणखी टाळ्या. एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्यानं तर हात जोडून विनवलं, "पुन्हा एकदा, जरा सावकाश. आम्हाला फ्रेंच कमी येतं."

त्या दिवशी बाईंनी तोंड शिवलं. खिडकी उघडी, हातात विणकाम, ओठ गच्च मिटलेले, चेहरा बिटासारखा लाल. आठ दिवस अवाक्षर नाही. एक गृहस्थ दुकानात आले.

"बोंझूर. बाईंची आज सुट्टी आहे का?"

"नाही, त्या काय वर बसल्यात."

"मग बोलत का नाहीत? आम्ही खास ग्रनोब्लहून आलोय हो!"

संध्याकाळी नवा शेरा पडला. 'एक तारा. बाई नुसत्या विणत होत्या. निराशा.' मी तो लपवला, पण पाववालीनं बाईंना सांगितलंच. बाई तडक दुकानात.

"निराशा? तीस वर्षांत माझ्या कामाबद्दल एक तक्रार नाही, आणि हा कोण टिकोजी मला एक तारा देणारा?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, निळा कोट चढवून त्या खाली उतरल्या. अंगणात चौदा माणसं होती.

"बाहेर! सगळे बाहेर! आता एकेक जण आत या, नीट बोंझूर म्हणा, आणि आवाज खाली. वर तान्हं बाळ झोपलंय."

चौदाही जण निमूट बाहेर गेले आणि परत आले. मग बाईंनी त्यांना सगळा बोळ हिंडवला. खांद्यावर रेशमाचा तागा घेतलेले त्यांचे आजोबा कोणत्या पायरीवर घसरले, ते दाखवलं. एका कोपऱ्यापाशी जरा थबकल्या. "इथे काय झालं ते विचारायचं नाही," म्हणाल्या आणि लाजल्या. बाईंना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. साडेअकराला सगळ्यांना कोपऱ्यावरच्या खानावळीत नेऊन बसवलं.

"उशीर केलात तर जागा मिळत नाही. माशाचे गोळे मागवा. आणि केचप मागायचं असेल, तर माझी ओळख सांगू नका."

तेव्हापासून दर गुरुवारी हे सुरू झालं. बोळ शांत झाला. दुसऱ्या मजल्यावरचं बाळ दुपारभर झोपू लागलं, तर त्याची आईच घाबरून सारखी उठून बघायची.

एका गुरुवारी ग्रासा नावाच्या पोर्तुगीज बाईनं विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे कुठे फिरलात?"

मोलारबाई म्हणाल्या, "इथे जवळच, दिजोंला. एकदा. पाऊस होता."

दुपारी त्या रांग मोडून माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.

"मागून आखूड कर. लिस्बनला ऊन फार, म्हणतात."

"लिस्बनला? तुम्ही?"

"ग्रासाकडे एक खोली रिकामी आहे. तू आ वासू नकोस, केस काप."

अकरा दिवस राहून त्या परतल्या, नाकाचं सालपट निघालेलं. मानेवरचे केस साफ करताना मी विचारलं, "कसं आहे शहर?"

"चढ फार. पण ग्रासा माझ्यापेक्षा जास्त बोलते रे!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहेत.