भास्करच्या नावाचा ग्लास

आमची लष्करी पोस्ट उत्तरेला एका डोंगराच्या धारेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नाईक भास्कर गावित माझा टू-आय-सी, म्हणजे माझ्याखालचा पहिला, आणि लान्स नाईक पोपट सांगळे रेडिओ सेटवर. तिघेही नाशिक जिल्ह्याचे. भास्कर सुरगाण्याकडचा, सांगळे सिन्नरचा, मी सातपूरचा. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग बंकरसमोरचं बर्फ काढणं, मग शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल. संध्याकाळी रम इश्यू व्हायची. भास्कर पीत नसे. त्याचा पेग माझ्या मगात पडायचा आणि माझ्या वाट्याचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा त्याच्या सॅकमध्ये जायचा. त्या दुधाचा तो इतका गोड चहा करायचा, की मुंग्या इथवर चढून येतील म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा आणि आणखी दूध ओतायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भास्कर तीन जवान घेऊन पेट्रोलवरून परत येत होता. हवा स्वच्छ होती. सांगळेच्या सेटवर त्याचा आवाज आला.

"पोस्ट दिसतेय. चहा टाका. ओव्हर."

"रॉजर. टाकतो. आउट."

मी स्टोव्हवर पातेलं ठेवलं. तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फ सुटलं. आवाज फार मोठा नव्हता. सांगळे सेटवर हाका मारत राहिला, बाकीचे आम्ही फावडी घेऊन खाली धावलो. तिन्ही जवान जिवंत निघाले. भास्कर सगळ्यात मागे चालत होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

निवृत्तीनंतर सेक्शनमधले आम्ही चौघे नाशिकच्या आसपास राहिलो. मी, सांगळे आणि त्या दिवशी बर्फातून निघालेले दोघे. दर वर्षी त्या तारखेला दुपारी सांगळेच्या मळ्यात जमायचं, हा रिवाज आम्हीच पाडला. सीनियर म्हणून रोल कॉल मी घ्यायचो. ज्याचं नाव येईल त्याने 'हाजिर' म्हणायचं. भास्करचं नाव आलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं. त्याच्या नावाचा रमचा ग्लास भरून खाटेच्या मधोमध ठेवलेला असे. शेवटी तो ग्लास माझ्याकडे यायचा. पोस्टवर त्याचा पेग माझा होता, म्हणून इथेही माझाच. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

माझी दारू पुढे किती वाढली हे इथे सांगत बसत नाही. ज्यांना सांगायचं त्यांना दारू सोडणाऱ्यांच्या गटात सांगून झालं आहे. गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. सातपूरच्या एका कारखान्यात गेटवर सुपरवायझर आहे. ड्यूटी संपली की गटाची मीटिंग, मीटिंग संपली की घर. दारू सोडणं अवघड आहे हे सगळे सांगतात. सोडल्यावर माणसांत बसणं त्याहून अवघड आहे, हे कोणी सांगत नाही. लग्नाच्या पत्रिका येतात, पण हळदीला कोणी बोलवत नाही. मी दारात पाय ठेवला की बायको, मंगल, पाण्याचा तांब्या घेऊन जरा जास्तच जवळ येते. वास घेते, हे तिला माहीत आहे आणि मलाही. मी तोंड फिरवत नाही. तिचा तेवढा हक्क आहे असं मी मानत आलो.

केंद्रातून आलो त्या दिवशी मी लष्करी कँटीनचं दारूचं कार्ड तिच्या हातात दिलं होतं. किराण्याचं वेगळं असतं, ते राहू दे म्हटलं, हे कापून टाक. आजारपणात माझ्या वतीने सामान आणता यावं म्हणून सांगळेला मी सहीची चिठ्ठी दिली होती, तीही रद्द झाली असं समज, म्हणालो. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, कापलं, कात्रीने दोन तुकडे केले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

यंदा फेब्रुवारी आला तसा मीच सांगळेला फोन केला. रोल कॉल घेईन, चहा पिईन, असं सांगायचं ठरवलं होतं. त्याने बोलूच दिलं नाही. म्हणाला, "या साली नाय जमायचं साहेब. कांदा काढणीला आलाय, माणसं मिळंनात." मी बरं म्हटलं. शेतीतलं मला काय कळतं.

त्या तारखेला सकाळी मी कँटीनमध्ये गेलो. घरीच भास्करच्या पद्धतीचा चहा करावा म्हणून कंडेन्स्ड मिल्कचा डबा घेतला. रांगेत ओळखीचे एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी सहज सांगितलं, की काल सांगळे भेटला होता, तुमच्या कार्डावरची रम नेत होता. आज तुमच्याकडेच कार्यक्रम आहे ना, असंही विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घरी आलो. मंगल भाजी चिरत होती. कापलेल्या कार्डाचे तुकडे दाखव म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली.

"तुम्ही कार्ड दिलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगळे भाऊजी आले होते," ती म्हणाली. "साहेबांना बोलवत नाही, पण त्यांच्या कार्डावरची असली की तेही असल्यासारखं वाटेल, म्हणाले. मी दिलं. तुमच्या सहीची चिठ्ठी त्यांच्याकडे होतीच."

"कापलं म्हणाली होतीस."

"हो, मी म्हणाले होते. तुम्ही पडलेले असायचात तेव्हा अंगणातून उचलून आणायला कोण यायचं? त्यांना नाही कशी म्हणू? आणि बोलवू नका, हेही मीच सांगितलं. तुम्ही तिथं गेलात तर काय होईल, याची मला भीती वाटते."

तिचं चुकलं असं मला आजही पूर्ण म्हणता येत नाही. पण मला फसवलं गेलं. ज्या बाईसमोर मी रोज तोंड उघडून उभा राहतो तिने माझ्याशी खोटं बोलावं, आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी त्या पोस्टवर राहिलो त्याने कांद्याची सबब सांगावी. मी पुन्हा चपला घातल्या. मंगल जाऊ नका म्हणाली. मी डबा पिशवीत टाकला आणि सिन्नरची एसटी धरली.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बांधावरच्या लिंबाखाली खाट टाकलेली, तिघे बसलेले. मला बघून ते उठून उभे राहिले, इतक्या वर्षांची सवय. कांदा अजून वाफ्यात हिरवागार उभा होता. काढणीला बराच अवकाश होता, एवढं मलाही कळलं.

खाटेवर मधोमध दोन ग्लास भरून ठेवलेले होते.

"एक भास्करचा," मी म्हणालो. "दुसरा कोणाचा?"

 मग सांगळे म्हणाला, "तुमचा, साहेब."

"रोल कॉल झाला?"

"झाला. म्या घेतला."

"माझ्या नावाला काय केलंत?"

तो खाली बघत राहिला. "समद्यांनी मिळून हाजिर म्हटलं."

मी त्या पोस्टवरून जिवंत परत आलो. केंद्रातल्या त्या रात्रींतूनही जिवंत परत आलो, आणि त्या रात्री बर्फाइतक्याच वाईट होत्या. माझ्या माणसांनी मला भास्करशेजारी नेऊन ठेवलं होतं. दारू सोडली, एवढाच माझा गुन्हा. शिवाय माझ्या नावाने ओतलेली रम माझ्याच कार्डावरची होती. ग्लास हातभर अंतरावर होता. वास येत होता आणि मला ती हवी होती. उचलून तिघांच्या देखत घशात ओतावी, म्हणजे यांच्या जिवाला घोर लागेल, असंही मनात येऊन गेलं.

"तुमी आला असता आन पुन्हा लागली असती तर?" सांगळे म्हणाला. "वैनीला काय तोंड दावलं असतं? लय भ्या वाटत होतं, साहेब."

"मग तसं सांगायचं. कांद्याचं नाव कशाला घेतलंस?"

 मी हात पुढे केला. त्याने खिशातून कार्ड काढून दिलं.

"भास्कर पीत होता का?" मी विचारलं.

 "नाही," बर्फातून निघालेल्या दोघांपैकी एक म्हणाला. इतकी वर्षं आम्ही त्या पोराच्या नावाने रम ओतत होतो, आणि त्याने कधी तिला तोंड लावलं नव्हतं.

कार्डाचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. संध्याकाळी मी ते मंगलसमोर ठेवलं, कात्री तिनेच आणली आणि माझ्या देखत कापलं. आम्ही जेवलो, पण बोललो नाही. अजूनही जेवढ्यास तेवढंच बोलतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन जवळ येते तेव्हा मी आता मान थोडी वळवतो. सांगळेचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. पुढे उचलेन की नाही, माहीत नाही. गटात मला सांगतात की माणसं तोडू नका. बरोबर असेल. पण आधी कोणी तोडलं, हेही कोणी विचारावं.

त्या दुपारी मी दोन्ही ग्लास वाफ्यात ओतले. भास्करचा विसळून पुन्हा मधोमध ठेवला. सांगळेच्या शेडमधल्या शेगडीवर पातेलं चढवलं, डबा फोडून अख्खा ओतला आणि आच बारीक केली.

"फॉल इन," मी म्हणालो.

तिघे रांगेत उभे राहिले. मी रोल कॉल पुन्हा घेतला. माझं नाव मीच पुकारलं आणि मीच एकट्याने हाजिर म्हणालो. कोणी साथ दिली नाही, ते बरं केलं.

"नाईक भास्कर गावित."

"हाजिर."

दोघांचा आवाज आला, माझा आला. सांगळेचे नुसते ओठ हलले. सेटवर 'टाकतो' म्हणणारा तोच होता.

त्या दिवशी पोस्टवर ठेवलेला चहा कोणी उतरवला नाही, सेटवर हाका मारणाऱ्या सांगळेनेही नाही. आम्ही खणून परत आलो तेव्हा तो आटून पातेलं जळालं होतं, आणि ते कितीही घासलं तरी स्वच्छ निघालं नाही. मळ्यातला चहा वर आला तसा मी फडक्याने धरून उतरवला. पहिला ग्लास भास्करचा भरला.