नाळेपासून सुकाणूपर्यंत

"थांबा मेल्यांनो! दोराला हात लावलात तर हात मोडीन!"

रत्नागिरीच्या जेटीवर म्हातारा असा गरजला की तिकडे गुहागरात कोवळ्या सुपाऱ्यासुद्धा गळल्या असतील. त्याची लाकडी होडी मुलाने परस्पर मोडीत विकली होती आणि घेणाऱ्याची माणसं ती न्यायला आली होती. मी त्याच्या ओळखीचा ना पाळखीचा. पण माझ्या गळ्यात कॅमेरा दिसताच त्याने खेकड्यासारखं माझं मनगट धरलं. "हिचा फोटो काढ रे. मी बाजूला उभा राहतो."

रिळात शेवटचा एकच फोटो उरला होता. होडी पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत स्वच्छ यावी म्हणून मी ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, अगदी बारीक करून सोळावर नेलं. ॲपर्चर मी ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवणार. उजेड उतरलेला, म्हणजे कॅमेरा चांगला रेंगाळणार. मी तो मासळीच्या क्रेटवर टेकवला आणि बजावलं, "आजोबा, दुसरा खट् ऐकू येईपर्यंत हलायचं नाही."

पहिला खट् झाला आणि कुणीतरी दोर ओढला. म्हातारा शिव्यांची अख्खी जत्रा घेऊन त्यांच्या अंगावर धावला. मग सावकाश दुसरा खट्. माझं डोकं असं तापलं की त्यावर बांगडा भाजला असता.

आठवड्याने मी फोटो नेऊन दिला. होडीचा खिळा न् खिळा दिसत होता. म्हाताऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. माझा राग अजून होताच. "बघा, तुम्ही आलाच नाहीत!"

त्याने अंगठ्याने फोटोतली नाळ पुसली.

"मी हाय अजून. गेली ती ही."