आधी जयजयकार, मग कुकर

काल शाळेच्या मैदानात सरकारी योजनेतलं कुकरवाटप होतं. गंमत बघायला म्हणून मी फाटकाशी थांबलो. रांगेत आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या शांताबाई होत्या. त्यांचा नंबर आला, तसा पक्षाच्या कार्यकर्त्याने हातातला कुकर मागे घेतला आणि माइक पुढे केला.

"मावशी, आधी देशाचा जयजयकार!"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, देवापुढे म्हणावं तशा.

"ऐकू नाही आलं. देश तुमचा नाही का?"

लोक हसले. त्या पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा आवाज चिरकला, तेव्हा कुठे कुकर हातात पडला. झाकणावर साहेबांचा हसरा फोटो चिकटवलेला.

मला शिसारी आली. देश त्या बाईंचा जन्मापासूनचा, कुकर तुमच्या-आमच्याच पैशातला. मग दोन्ही उपकार म्हणून वाटणारा हा फोटोतला माणूस मध्ये आला कुठून? आधी तो म्हणतो, जनता म्हणजे मी. मग म्हणतो, देशही मीच. हे एकदा गळी उतरलं, की त्याच्यासाठी जो ओरडणार नाही तो परका. मग ती पहाटेपासून भाजी विकणारी बाई का असेना.

एवढ्यात माइक माझ्यासमोर आला. "काका, आता तुम्ही!" सगळे वळून बघू लागले.

मी इतक्या जोरात ओरडलो की स्पीकर किंचाळला. कार्यकर्त्याने माझी पाठ थोपटली.

मला तर कुकरही नको होता.