बाईंचा अर्धा मार्क

आमच्या घरमालकीणबाईंइतकं संशयी आणि तितकंच मायाळू माणूस अख्ख्या संगमनेरात दुसरं नसेल. गणित शिकवून निवृत्त झाल्या, तरी जगानं आपलं म्हणणं सिद्ध केल्याशिवाय त्या ते घरात घेत नसत. एकदा भाजीवाला दोन टोमॅटो दाखवून म्हणाला, "बाई, सगळा माल एक नंबर हाय." बाईंनी अर्धी पाटी उपसून एक किडका शोधला आणि "मोडलं तुझं म्हणणं!" म्हणत आनंदानं तोच विकत घेतला. "आवो, चांगला घ्या की!" तो कळवळला. "चांगल्यानं काय सिद्ध होतंय?" म्हणून बाई चालायला लागल्या.

मी गडचिरोलीकडची. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. संगमनेरच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासायला लागले आणि बाईंकडे खोली घेतली. साहेब म्हणाले, "बारावी झालात तर कायम, न्हाईतर अवघड हाय." बाहेरून फॉर्म भरला, पण गणिताची वही उघडली की मी लगेच मिटून ठेवायची. ते बघून बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराचाच फळा केला. दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा इन्व्हर्स काढताना क्रम उलटा होतो, हे मी आकडे घालून ताडून पाहिलं नि खाली ऐटीत लिहिलं, 'म्हणून सिद्ध'. "ही दोन झाली," बाई म्हणाल्या, "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" मग क्रम का उलटतो ते दुधाच्या कॅनवर सांगितलं: लावताना आधी झाकण, मग सील, उघडताना आधी सील, मग झाकण. मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचाच त्यांना सगळ्यात राग. मी काय करू? भीतीनं मी सगळ्यालाच हो म्हणायची.

एका रविवारी मात्र, मॅट्रिक्स आणि तिचा इन्व्हर्स यांच्या डिटरमिनंटचा गुणाकार एक, असं लिहून बाई थेट भागायला निघाल्या, आणि माझ्या तोंडून गेलं, "बाई, ज्यानं भागताय तो शून्य नाही कशावरून?" खडू थांबला. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. "गुणाकार एक आलाय," बाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे दोघांतलं कुणीच शून्य असू शकत न्हाई. पण मी लिहिलं न्हाई. काप माझा अर्धा मार्क." त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली.

परीक्षेत नेमकं तेच आलं. 'दोघांतलं कुणीच शून्य नाही' हे वाक्य मी खाली रेघ ओढून लिहिलं. पास झाले, कायम झाले, आणि कायमच्या ऑर्डरीबरोबरच राजूरच्या दूध केंद्रावर बदली आली.

परवा बाईंचा फोन आला. "तुझ्या खोलीत नवी पोरगी ठेवलीय. लई गुणाची. मी काय म्हणंल ते लगेच पटतं तिला."

"मग बरं आहे की, बाई."

"कसलं बरं," बाई म्हणाल्या. "घरात बोलायला माणूस न्हाई."